दोन साक्षीदारांचे घर

त्या घरात एक प्रश्न असा होता की त्याला तिसरे उत्तर नव्हते. "आलं का?" असे विचारले की समोरच्याने "आलं" म्हणायचे, नाहीतर "नाही" म्हणायचे. आलं म्हणजे ऐकू आलं. दारावरची थाप, नळाची घरघर, जिन्यातले बोलणे, काहीही.

प्रश्न मूळचा डॉक्टरांचा. मुलगी रांगत होती त्या सुमारास तिच्या आईला रिकाम्या घरात माणसे बोलताना ऐकू येऊ लागली. ती माणसे तिचे नाव घेत, तिच्या चालण्याबोलण्यावर शेरे मारीत, तिच्या स्वयंपाकाला नावे ठेवीत. औषधांनी ती माणसे हळूहळू गप्प झाली, आणि जी कधीमधी परत येत त्यांच्यासाठी डॉक्टरांनी एक साधा उपाय सांगितला: शंका आली की विश्वासातल्या माणसाला विचारायचे. सल्ला इतकाच होता. त्याचा नियम केला तो नवऱ्याने. तो डब्यांची झाकणे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस विभागाचा फोरमन होता, आणि नियमात ढिलाई झाली की माणसाचे बोट जाते, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

नियमाचे एक कलम मात्र कोणी कधी उच्चारले नाही. विचारायचे बायकोने आणि उत्तर द्यायचे त्याने. उलट कधीच घडले नाही. ज्या कानांवर संशय आहे त्यांची साक्ष काय धरायची, ही गोष्ट त्याला इतकी उघड वाटे की तिच्यावर विचार करण्याची वेळच आली नव्हती. यात दुष्टपणा नव्हता. बायकोच्या सख्ख्या भावांनी येणेजाणे बंद केले तेव्हा हा माणूस सकाळी मुलीच्या वेण्या घालून, तिला शाळेत सोडून, कारखान्यात जाऊन उभा राहिला होता. तो भला माणूस होता. पुढे जे झाले ते भल्या माणसाच्या हातून झाले, म्हणूनच ते इतके दिवस कोणाला खुपले नाही.

मुलगी या प्रश्नासोबतच वाढली. लहानपणी तिला तो खेळ वाटे. पाल चुकचुकली की ती टाळी वाजवून विचारी, "बाबा, आलं का?" आता ती मोठी झाली होती. कृत्रिम पाय घडवण्याचे शिक्षण तिने पुरे केले होते, आणि दुसऱ्या शहरातल्या एका केंद्रात तिला काम मिळाले होते. राहण्याची सोय तिथेच होती. थोड्याच दिवसांत रुजू व्हायचे होते.

अशात एका संध्याकाळी, जेवताना, तिने घास हातात धरूनच विचारले, "आलं का?"

"काय?" फोरमनने विचारले.

"बारीक शिटीसारखं. माझ्या खोलीतून येतंय. कालही होतं."

त्याने ताटावरचा हात मागे घेतला, मान तिरकी केली आणि अगदी प्रामाणिकपणे कान दिला. आई पेल्यांत पाणी ओतत होती. तिच्या हातातल्या तांब्याची धार मध्येच थांबली, आणि मग पुन्हा सुरू झाली.

"नाही," तो म्हणाला.

"मच्छर असेल मग."

"असेल."

पण तो मच्छर त्या घरातून गेला नाही.

फोरमनने डॉक्टरांना फार वर्षांपूर्वी एकदा विचारले होते, "मुलीचं काय?" डॉक्टरांनी काही लपवले नव्हते. आईवडिलांपैकी एकाला हा आजार असला की मुलाला धोका इतरांहून अधिक असतो, हे त्यांनी सांगितले. आणि लगेच हेही सांगितले की अशा घरांतली बहुतेक मुले आजारी पडत नाहीत. रक्तातून येतो तो कल. पुढचे पुष्कळसे झोप, व्यसने, एकटेपणा, घरातला ताण अशा गोष्टींवर अवलंबून असते, आणि त्यातलेही बरेच अजून कोणाला नीट कळलेले नाही. फोरमनने हे आपल्या धंद्याच्या भाषेत समजून घेतले. पत्रा कारखान्यात येतो तेव्हाच त्यात कुठेतरी ताण दडलेला असू शकतो. वरून काही दिसत नाही. प्रेसची डाय, म्हणजे वरचा साचा, खाली आली की नेमकी त्या जागी चीर पडते. हे त्याला पक्के लक्षात राहिले. तसलाच पत्रा बेताच्या दाबाखाली गेला तर त्याचे अखंड झाकण होते आणि ते कोणाच्या तरी स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे डब्यावर बसते, हेही त्याला ठाऊक होते. पण हे उरलेले अर्धे ज्ञान त्याने कारखान्याच्या फाटकाबाहेर कधी आणले नाही.

त्याने दाब वाढवला. मुलीच्या खोलीचे दार उघडे राहू लागले. संध्याकाळी मोबाइल त्याच्याकडे जमा होऊ लागला, कारण त्याने झोप बिघडते. तिची झोप मात्र दार उघडे राहिल्याने बिघडली, हे त्याला कोण सांगणार? ती भिंतीला कान लावून आवाजाचा माग काढू लागली तर तो दारात उभा. ती जमिनीवर आडवी होऊन फरशीला कान लावी तर तो पुन्हा दारात उभा. तिने कानांत कापूस घातला. तिने आवाज बुडवण्यासाठी गुणगुणायला सुरुवात केली, तेव्हा तो बायकोला म्हणाला, "एकटीच पुटपुटते." तिचे जेवण कमी झाले, तीही खूण झाली. ती चिडली, तीही खूण. मग तिने चिडणे सोडले आणि निमूट वागू लागली, तर त्याला आठवले की बायकोचेही सुरुवातीला असेच झाले होते. तिच्या बाजूने बोलू शकेल असे एकही वर्तन तिच्याजवळ शिल्लक राहिले नाही.

बाहेरच्या कोणाला विचारावे, तर आईचा आजार बाहेर कळू द्यायचा नाही ही घराची जुनी शिस्त होती. एकदा तिची मैत्रीण भेटायला आली. फोरमन समोर खुर्ची टाकून बसला होता. पण तो नसता तरी मुलीने विचारले नसते. एकट्या बाबांचेच 'नाही' होते तोवर बाबांचा कान चुकला असेल अशी बारीकशी आशा होती. मैत्रिणीनेही 'नाही' म्हटले असते तर तीही गेली असती.

"मी डॉक्टरांची वेळ घेतलीय," फोरमन मुलीला म्हणाला. "त्यांनी बघितल्याशिवाय रुजू व्हायचं नाही."

"बाबा, आता येत नाही मला तो आवाज."

"मग कापूस कशाला?"

त्या दिवसापासून तो रोज विचारी, "आलं का?" आणि ती रोज म्हणे, "नाही, बाबा." तो रोज तिच्या कानांकडे बघे.

प्रेस विभागात त्याचा जुना सोबती होता. त्याला सगळे तोफ म्हणत, कारण तो कुजबुजला तरी शेजारच्या शेडमध्ये कळे.

"काय रे, चेहरा असा काय? पायावर डाय पडली का?" तोफेने विचारले.

"मुलीचं जरा."

"लग्न?"

"तब्येत."

"झोपू दे तिला. आणि तू जरा तिच्या डोक्यावरून उठ. माझी पोरगी म्हणते, बाबा, तुम्ही घरात असलात की टीव्ही लावावा लागत नाही." तोफ स्वतःच्याच विनोदावर मनमुराद हसला. शेडमधली दोन माणसे मागे वळून हसली.

त्या दिवशी कारखान्यात कानांची तपासणी होती. दरसाल होई. प्रेस विभागाची तपासणीला जाण्याची एक रीत होती, आणि ती जुन्या माणसांकडून नव्यांकडे आपोआप जाई. काचेच्या खोलीत, हेडफोन लावून बसायचे, आणि आवाज आला की बोट वर करायचे. पण तपासणारा म्हातारा काचेपलीकडे समोरच बसे, आणि यंत्राचे बटण दाबताना त्याचा उजवा खांदा किंचित हले. खांदा हलला की बोट वर. कान कमजोर निघाले तर माणसाला प्रेसवरून काढून पॅकिंगमध्ये बसवत, आणि तिथे हाताखाली माणसे नसत, मानही नसे. म्हणून कानांच्या तपासणीला सगळा विभाग डोळे घेऊन जाई. फोरमन इतकी वर्षे असाच उत्तीर्ण होत आला होता. यातली खरी गंमत ही की आपण लबाडी करतो हे त्याला माहीत होते, आणि तरीही प्रमाणपत्रावर त्याचा मनापासून विश्वास होता. लबाडी तर सगळेच करत. आपले कान मात्र खरोखरच चांगले आहेत, असे त्यांतला प्रत्येक जण धरून चाले.

या वेळी म्हातारा निवृत्त झाला होता. त्याच्या जागी एक तरुण बाई आल्या होत्या, आणि त्यांनी यंत्र फोरमनच्या पाठीमागे मांडले.

तो बसून राहिला. सुरुवातीला काही घुमल्यासारखे आले, तेव्हा त्याने बोट वर केले. मग शांतता पसरली. बराच वेळ काहीच झाले नाही, तेव्हा त्याने हेडफोन काढून विचारले, "सुरू केलं का?"

"संपलंसुद्धा," बाई म्हणाल्या.

त्यांनी त्याला समोर बसवले. "जाड, खालचे आवाज तुम्हाला ठीक येतात. बारीक, उंच आवाज येतच नाहीत. शिटी, मच्छर, पाखरांचं चिवचिवणं. हे आजकालचं नाही. कित्येक वर्षांचं आहे."

"पण मला सगळ्यांचं बोलणं कळतं."

बाईंनी तोंडावर हात आडवा धरला आणि काहीतरी म्हटले. तो वाट पाहत राहिला.

"काय म्हणालात?"

त्यांनी हात काढला. "म्हटलं, मुलं किती तुम्हाला?"

"एक," तो म्हणाला. "मुलगी."

यंत्रांच्या गजरात आयुष्य काढणारी माणसे ओठांवरून बोलणे ओळखायला शिकतात आणि आपण शिकलो आहोत हे त्यांना कळतही नाही. बाईंनी हे समजावून सांगितले. फोरमन ऐकत होता, म्हणजे त्यांच्या ओठांकडे पाहत होता. पण त्याच्या डोक्यात त्यांचा 'शिटी' हा एकच शब्द राहिला होता.

तो घरी आला तेव्हा बायको पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करीत होती. मुलगी आपल्या खोलीत होती. दार उघडे होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायचे होते. फोरमन बायकोसमोर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "अगं, तिचं ते शिटीसारखं. ते तुला येतं का?"

बायकोच्या हातातला टॉवेल अर्धा दुमडलेला राहिला. "तुम्ही मला विचारताय?"

"हो."

"रोज येतं. खालच्या गोदामाचं शटर पडलं की सुरू होतं. सकाळी उघडलं की बंद."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर काय केलं असतंत?" तिने टॉवेलची घडी पुरी केली. "पहिल्या दिवशी 'आलं' म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा होतं. मग वाटलं, मी हो म्हटलं की माझ्या गोळ्या वाढतील. ते एक वेळ चाललं असतं. पण तिला तुम्ही म्हणाला असतात, बघ, आईचंच आलंय तुझ्यात."

तो अगदी हेच म्हणाला असता, कदाचित याच शब्दांत.

"निदान तिला तरी सांगायचंस."

"आणि तिने मानलं असतं? माझं मोजायचं नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे."

"मी असं कधी म्हणालो?"

"म्हणाला नाहीत."

मग, सवय मोठी चिवट असते, त्याने विचारलेच, "पण तुला खात्री आहे? म्हणजे ते तुझ्या त्या..."

ती रागावली नाही. "माझी ती माणसं मला ओळखायची, अहो. नावानिशी बोलायची. भाजीत मीठ जास्त झालंय म्हणायची. हे कोणालाच ओळखत नाही. हे नुसतं वाजतं."

ती दोघे खाली उतरली. गोदाम कागदाच्या गठ्ठ्यांचे होते. गोदामवाला शटर अर्धे खाली ओढून कुलूप शोधत होता. त्याने त्यांना वाकून आत घेतले आणि कोपऱ्यातल्या प्लगला लावलेली एक पांढरी डबी कौतुकाने दाखवली.

"उंदीर पळवायचं यंत्र. पोराने बसवून दिलंय. जाताना बटण दाबायचं, बस. विकणारा म्हणाला, माणसाला याचा आवाज येत नाही."

"माणसाला येतो," बायको म्हणाली.

"तुम्हाला येतो? मला नाही बुवा. आणि खरं सांगू, उंदरांनाही येत नसावा. काल एकजण याच्या शेजारी बसून निवांत गठ्ठा कुरतडत होता."

त्यांनी विनंती केल्यावर त्याने खळखळ न करता डबी उपटली. फोरमनच्या लेखी जगात काहीही बदलले नाही. त्याने बायकोकडे पाहिले.

"थांबलं?"

"थांबलं."

जिना चढताना ती मध्येच थांबली. "आता सरळ सांगून टाका तिला. पुन्हा तपासायला बसू नका."

"नाही बसत."

"आणि डॉक्टर तिच्या नव्या शहरातही आहेत. काही वाटलं तर ती आपणहून जाईल. पण कोणी पकडायला टपलेलं नसेल तरच जाईल."

त्याने मान हलवली. त्याला खरोखरच सांगायचे होते. पण मुलीच्या दारात पोचला आणि ती पलंगावर भिंतीला टेकून, कानांत कापूस घालून बसलेली दिसली, तेव्हा त्याला अनावर इच्छा झाली की तिने आपणहून म्हणावे, थांबलं. एकदा म्हणावे, म्हणजे आपली खात्री पटेल. त्याच्या तोंडून शब्द निघून गेले.

"आलं का?"

तिने एका कानातला कापूस काढला. परीक्षा घेणाऱ्याकडे बघावे तसे त्याच्याकडे बघितले.

"नाही, बाबा."

तेच शब्द, तोच सूर, इतके दिवस रोज ऐकलेला. आज ते खरे होते, की नेहमीचे खोटे आज योगायोगाने खरे ठरले होते? हे ओळखण्याजोगे त्याच्याजवळ काही नव्हते. तिच्यापर्यंत पोचणारी वाट त्याने स्वतःच, रोज थोडी थोडी, बुजवून टाकली होती. मागे उभ्या असलेल्या बायकोने श्वास सोडला, आणि तो त्याला ऐकू आला नाही.

तो कपाटाजवळ गेला, वरची सुटकेस काढली आणि पलंगावर ठेवली.

"उद्या किती वाजता निघायचं डॉक्टरांकडे?" मुलीने विचारले.

"जायचं नाही. तू कामावर रुजू हो. खाली यंत्र होतं, उंदरांचं. तेच वाजत होतं. मला बारीक आवाज येत नाहीत, आज कारखान्यात कळलं. तुझं बरोबर होतं."

तिच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही उमटले नाही. ती सावध झाली. आजारी माणसाला शांत करण्यासाठी घरची माणसे कसे बोलतात, हे तिने याच घरात पाहिले होते.

"मला बरं वाटावं म्हणून म्हणताय तुम्ही."

"नाही, बाळा."

"परवा झोप लागता लागता मला कोणीतरी हाक मारली. माझ्या नावानं. तेही उंदरांचंच यंत्र?"

फोरमनचा हात सुटकेसच्या मुठीवरच राहिला. इतके दिवस तो ज्या वाक्याची धास्ती घेऊन जगत होता, ते वाक्य आले होते. ते त्यानेच घडवलेल्या रात्रींतून आले होते, की रक्तातून, हे सांगणारे यंत्र कुठल्याही कारखान्यात नव्हते.

आई पुढे झाली आणि पलंगाच्या कडेला बसली. "झोप लागताना मारतं कधी कधी कोणी हाक. पुष्कळांना मारतं. आणि तू किती दिवस धड झोपलेली नाहीस, बघ ना. पुन्हा पुन्हा मारली, जागेपणी मारली, तर तिथल्या डॉक्टरांना सांग. लपवू नकोस, आणि जिवाला लावूनही घेऊ नकोस."

"तुझं असंच सुरू झालं होतं?"

"माझं निराळं होतं. तुझं काय होईल ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, गं."

मुलीने सुटकेसकडे बघितले. मग वडिलांकडे. त्यांचे ओठ नुकतेच जे बोलले होते ते तिने ऐकले होते, पण आपण जे ऐकले त्याचे काय करायचे हे तिला या घराने एकाच पद्धतीने शिकवले होते. ती आईकडे वळली. असे तिने जन्मात कधी केले नव्हते.

"बाबा म्हणाले, रुजू हो. आलं का?"

आईने एकदा नवऱ्याकडे पाहिले.

"आलं," ती म्हणाली.

मुलीने सुटकेसचे झाकण उघडले आणि आईने घडी करून ठेवलेला टॉवेल तळाशी अंथरला. दुसऱ्या कानातला कापूस मात्र तिने काढला नाही.